पाळी कोणाची, किती वेळाची: ऑनलाइन डावपेचांच्या खेळांमागचा इतिहास

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत, नमवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा निर्णायक डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. पहिली चाल पांढऱ्याची असते आणि वरच्या पातळीवरील डावांच्या नोंदी पाहता पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५४ ते ५५ टक्के गुण जातात, हे लक्षात घेतले तर त्या विजयाचे वजन आणखी जाणवते. या असमतोलावर बुद्धिबळाने पटाच्या नियमांत काही बदल केला नाही. भिडूंना रंग आलटून पालटून देणे एवढाच उपाय पुरेसा मानला. वेळेची बेबंदी मात्र फार काळ खपली नाही. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली, १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे यांत्रिक घड्याळ आले आणि १९८८ मध्ये बॉबी फिशरने अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, ज्यात प्रत्येक चालीमागे काही सेकंद परत मिळतात. बातुमीतील त्या टायब्रेकमध्येही १५ मिनिटे आणि चालीमागे १० सेकंद असाच हिशेब होता.

पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडत खेळायच्या गो या खेळाने याच्या उलट वाट धरली. तेथे पहिली चाल काळ्याची असते आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या भिडूला गुणच दिले जातात. जपानमध्ये सध्या साडेसहा, चीनमध्ये साडेसात. अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी असतो.

दोघे समोरासमोर बसलेले असतात तोवर एवढ्यावर भागते. भिडू सात-आठ झाले आणि तेही वेगवेगळ्या देशांत असले, की एकामागून एक चालीच्या पद्धतीत प्रत्येकाच्या वाट्याला खेळण्यापेक्षा वाट पाहणेच जास्त येते. आणि ती वाट वाचवावी म्हणून सर्वांना एकाच वेळी चाल दिली, तर ज्याचा हात किंवा ज्याची लाइन वेगवान त्याचे फावते. क्रम आणि वेग हे दोन प्रश्न वेगळे दिसत असले, तरी एकावरचा उपाय बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खात्यातून वळता केला जातो, असे या इतिहासाकडे पाहिल्यावर म्हणावे लागते.

इंटरनेटच्या कितीतरी आधी हा पेच टपालाने अनुभवला होता. ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा सात भिडूंचा खेळ १९५९ मध्ये बाजारात आला. त्यात प्रत्येकाने आपल्या सैन्याचे हुकूम कागदावर लिहायचे आणि सर्वांचे कागद एकदम उघडायचे, त्यामुळे ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरत नाही. १९६३ मध्ये जॉन बोर्डमन यांनी तो टपालाने खेळवायला सुरुवात केली आणि लगेच दुसरी बाजू उघडी पडली. मुदतीत हुकूम आले नाहीत तर काय करायचे? उत्तर असे ठरले, की त्या भिडूचे सैन्य जागच्या जागी उभे राहील आणि डाव पुढे जाईल. रडीचा डाव खेळणाऱ्यापेक्षा पत्रच न टाकणारा भिडू अशा खेळात जास्त घातक ठरतो, कारण त्याच्या शेजारच्याला आयतेच रान मोकळे मिळते.

संगणकावरील सुरुवातीच्या खेळांत १९८३ चा ‘म्यूल’ विशेष उल्लेखनीय आहे. डॅनी बंटन यांनी त्यात मालाचा लिलाव सर्वांसाठी एकाच वेळी ठेवला आणि बरोबरी झाली तर कौल मागे पडलेल्या भिडूच्या बाजूने दिला. २०१४ च्या ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या ऑनलाइन खेळात दुसऱ्या भिडूला एक जादा पत्ता आणि एक नाणे मिळते, ती याच विचाराची धाकटी पाती.

झटपट चालणाऱ्या खेळांत पाळ्या नसतात, हा समज मात्र खरा नाही. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या युद्धाच्या खेळात शेकडो सैनिकांच्या जागा मोडेमवरून पाठवणे अशक्य होते, म्हणून प्रत्येक संगणक फक्त हुकूम पाठवी आणि बाकीचे गणित स्वतः करी. त्यासाठी वेळेचे साधारण २०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेले असत आणि या तुकड्यात दिलेला हुकूम दोन तुकड्यांनंतर सर्वांकडे एकदमच अमलात येई. सर्वांत मंद लाइन असलेल्या भिडूप्रमाणे तुकड्याची लांबी वाढे, म्हणजे डायल-अपवाल्याच्या उशिराची किंमत सगळे मिळून मोजत. कर्त्यांना चाचण्यांत असे आढळले, की कायम अर्ध्या सेकंदाचा उशीर खेळाडू निभावून नेतात, पण कधी पटकन तर कधी रेंगाळत मिळणारा प्रतिसाद त्यांना सहन होत नाही.

खरी गुंतागुंत दिसते ती शहरे वसवून साम्राज्य वाढवायच्या ‘फ्रीसिव्ह’ या खेळात. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा खेळ १९९६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचे दिवसाला जेमतेम एक पाळी असणारे, त्या पाळीत प्रत्येकाने सवडीने कधीही खेळायचे असे मोठे डाव निघाले. समजा, पाळी जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री बदलते. नागपुरात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. येथला भिडू ५ वाजून २९ मिनिटांनी आपली तोफ शत्रूच्या वेशीशी नेतो, साडेपाचला पाळी बदलते आणि ५ वाजून ३१ मिनिटांनी त्याच तोफेने तो शहर घेतो. नियम एकही मोडलेला नाही, पण झोपलेल्या शत्रूला मध्ये चालच मिळालेली नसते. यावर सर्व्हरमध्ये तोड काढली गेली: एका पाळीत हललेली तुकडी पुढच्या पाळीत ठरावीक तास उलटल्याशिवाय हलू शकत नाही. शिवाय बरेच डाव २४ ऐवजी २३ तासांच्या पाळीचे ठेवले गेले. त्यामुळे बदलाची वेळ रोज एक तास अलीकडे सरकते, २३ दिवसांत घड्याळाचा पूर्ण फेरा होतो आणि अवेळी उठण्याचा त्रास प्रत्येक देशाच्या वाट्याला येतो.

याच जातीच्या ‘सिव्हिलायझेशन ५’ (२०१०) मध्ये मिश्र पाळ्या आल्या: शांतता असेल तोवर सर्वजण एकदम खेळतात, युद्ध जुंपले की लढणारे आळीपाळीने. त्याआधीच ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) च्या कायम चालू राहणाऱ्या सर्व्हरवर खेळाडूंनी आपापसात संकेत पाडला होता, की युद्ध करणाऱ्या दोघांनी २४ तासांचे दोन भाग करून घ्यावेत, एकाने पहिल्या भागात खेळावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या. मध्यरात्रीच्या जागतिक प्रमाणवेळेपासून मोजले तर नागपूरकराला पहिला भाग पहाटे साडेपाच ते सायंकाळी साडेपाच पडतो, म्हणजे नोकरदाराच्या फारशा उपयोगाचा नाही. समोरचा न्यूयॉर्कचा असेल तर अडत नाही, कारण पहिला भाग त्याच्याकडे संध्याकाळी सात-आठलाच सुरू होतो. जर्मनीतील भिडूला मात्र संध्याकाळसाठी दुसराच भाग हवा असतो, आणि तो कोणाला मिळणार हे युद्ध पुकारण्याआधीच ठरवून घ्यावे लागते.