शाळेत एपी नाही? घरी अभ्यास करून परीक्षा कशी द्यायची

अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपी या कॉलेजच्या पातळीच्या शालेय परीक्षेसाठी तो कोर्स वर्गात केलेलाच हवा अशी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची अट नाही. अपवाद सेमिनार आणि रिसर्च या विषयांचा. ते शाळेतूनच करावे लागतात. कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्समध्ये पेपरखेरीज प्रकल्पही जमा करावा लागतो.

खरी अडचण केंद्राची. परीक्षेची नोंदणी एपी घेणाऱ्या शाळेचा को-ऑर्डिनेटरच करतो आणि बाहेरचे विद्यार्थी घेणं शाळेवर बंधनकारक नाही. म्हणून ऑगस्टपासूनच दोन-तीन शाळांत विचारणा करा. होकार मिळाला की ‘फक्त परीक्षा’ या गटाचा जॉइन कोड घ्या आणि कॉलेज बोर्डाच्या खात्यातून ‘माय एपी’मध्ये टाका. कोड टाकला म्हणजे नाव लागलं, असं समजू नका; को-ऑर्डिनेटरकडून ई-मेलवर खात्री करून घ्या. शाळेने कॉलेज बोर्डाकडे पेपर मागवण्याची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपते, शाळा मात्र त्याआधीच यादी बंद करतात. उशीर झाल्यास प्रत्येक पेपरला ४० डॉलर जादा. २०२५ मध्ये बहुतेक पेपरांचं मूळ शुल्क अमेरिकेत ९९ आणि भारतात १२९ डॉलर होतं. केंद्र स्वतःचा आकारही लावू शकतं.

खात्यावरचं आणि फोटो ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळू द्या. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव घातलं की नाही, यात आपल्याकडे हमखास घोळ होतो. अपंगत्वामुळे जादा वेळ हवा असेल तर वेगळी मंजुरी लागते. तो अर्ज जानेवारीच्या मध्याआधी करा.

परीक्षा मे महिन्यात दोन आठवडे चालते. नीट, सीईटीच्या तारखा आधी ताडून पाहा. बारावी विज्ञानाच्या मुलांना कॅल्क्युलस बीसी ओळखीचं वाटतं, पण अनंत श्रेणी आणि टेलर श्रेणी हा भाग बारावी बोर्डाच्या पुस्तकात नाही. गुण तिथेच जातात.

आता कॉलेजं काय पाहतात? आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका: तुमच्या शाळेत जे अवघड विषय उपलब्ध होते, त्यातले तुम्ही किती घेतले. शाळेत एपी असताना तो वर्ग टाळून घरून परीक्षा दिली, तर पाचपैकी ४ किंवा ५ गुणही वर्गाची जागा भरून काढत नाहीत. शाळेत एपी नसेल, तर तोच निकाल तयारीचा भक्कम पुरावा ठरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ जीपीएत (शाळेतल्या गुणांच्या सरासरीत) वाढीव भार वर्गातल्या कोर्सला देतं, नुसत्या परीक्षेला नाही. क्रेडिट, म्हणजे कॉलेजचा कोर्स केल्याची मान्यता, मात्र ३ गुणांपासून मिळू शकतं. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीत ५ मिळाले तर पहिल्या कॅल्क्युलस कोर्सचं क्रेडिट मिळतं.

स्वतः शिकलेल्या विषयाला ट्रान्सक्रिप्टवर ‘एपी’ लिहून घेऊ नका. ते नाव कॉलेज बोर्डाने तपासून मान्य केलेल्या कोर्सलाच लावता येतं. गुण अनेक कॉलेजांच्या सामाईक प्रवेश अर्जाच्या, म्हणजे कॉमन अ‍ॅपच्या चाचण्यांच्या विभागात भरा. निकाल जुलैत लागतो, म्हणून प्रवेशासाठी उपयोग हवा असेल तर पेपर अकरावीच्या मे महिन्यापर्यंत द्या. बारावीच्या मे महिन्यातला निकाल येईतो प्रवेशाचे निर्णय झालेले असतात. तो फक्त क्रेडिटच्या कामाचा.