शिसे गेले, गंधक राहिला

अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा डबा, बसू लागला. पेट्रोलमधल्या शिशाने त्यातले प्लॅटिनम कायमचे निकामी होते, म्हणून त्याच्यासोबत शिसेविरहित पेट्रोलही आले. पेट्रोलमधल्या गंधकाची चर्चा सुरू झाली ती वेगळ्याच कारणाने. हा गंधक जळून झालेल्या सल्फर डायऑक्साइडचे कन्व्हर्टर ट्रायऑक्साइड करतो आणि वाफेशी मिळून त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते. या धास्तीने तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख रसेल ट्रेन यांनी मार्च १९७५मध्ये १९७७चे धुराचे कडक निकष वर्षभर पुढे ढकलले.

गाडीवाल्यांना जाणवला तो सडक्या अंड्यांचा वास. गाडी पळताना गंधक कन्व्हर्टरमधल्या अ‍ॅल्युमिनाच्या थरावर सल्फेट होऊन बसतो; मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की तोच हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो. म्हणजे नाक धरायला लावणारा तो भपका निघे, तेव्हा कन्व्हर्टर थोडा स्वच्छ होत असे!

गंधकाचे विष असे उतरते, आणि माझ्या मते घोटाळा इथेच झाला. उतरते ना, मग इंधन साफ करायची घाई कशाला? अमेरिकी पेट्रोलमध्ये १९९०च्या दशकातही सरासरी ३०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३००) आसपास गंधक होता.

हे दुर्लक्ष महागात पडले ते लीन-बर्न, म्हणजे कमी इंधनात जास्त हवा मिसळून चालणाऱ्या इंजिनांत. टोयोटाने १९९४मध्ये जपानात नायट्रोजन ऑक्साइड साठवणारा उत्प्रेरक आणला. त्यातले बेरियम हे वायू नायट्रेटच्या रूपात धरून ठेवते. मधूनच क्षणभर इंधन वाढवले की नायट्रेट मोडते, नायट्रोजन सुटतो, जागा रिकामी. पण गंधक आला की बेरियम सल्फेट बनते. एक्स-रेआधी पोटाच्या रुग्णाला पाजतात तेच. इतके निर्विकार, की शरीरात विरघळत नाही. ते हटवायला ६५० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता आणि इंधनाने भरलेला धूर, दोन्ही लागतात. त्यात इंधन जळते ते वेगळेच, पण त्या तापात प्लॅटिनमचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो. हे नुकसान मात्र भरून येत नाही. (आपल्याकडे डिझेल गाडीवाले ज्याला ‘रीजन’ म्हणतात ते फिल्टरमधली काजळी जाळणे, ते वेगळे.)

मग ओझे रिफायनरीकडे गेले. अमेरिकेने २००४पासून टप्प्याटप्प्याने पेट्रोलची सरासरी ३० पीपीएमवर आणली, २००६पासून डिझेल १५वर. युरोपने २००९मध्ये दोन्ही १०वर. भारतात १९९६च्या आधी डिझेलमध्ये एक टक्का, म्हणजे १०,००० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे. बीएस-४ला ते ५०वर आले आणि बीएस-५ची पायरी गाळून १ एप्रिल २०२०पासून देशभर १०वर.

तरीही इंजिन ऑइलमधला गंधक उरतोच. तांबे-झिओलाइटचा (झिओलाइट या सच्छिद्र खनिजात तांबे बसवलेला) उत्प्रेरक असलेल्या डिझेल गाड्यांत तो हळूहळू तांब्यावर साचतो, आणि अधूनमधून धूर मुद्दाम तापवून तो उतरवावा लागतो.