घटसर्पाचा अडकलेला प्रबंध

जर्मन बालरोगतज्ज्ञ इंगेबोर्ग रापोपोर्ट यांनी वयाच्या १०२ व्या वर्षी डॉक्टरेट मिळवली, तेव्हा बातम्यांना वयाचंच अप्रूप होतं. मला मात्र त्यांनी दिलेल्या परीक्षेचं जास्त वाटतं.

१९३८ मध्ये पंचविशीतल्या इंगेबोर्ग यांनी हॅम्बुर्ग विद्यापीठात घटसर्पावरचा प्रबंध लिहून पूर्ण केला. मार्गदर्शक रुडॉल्फ डेगक्विट्झ यांना तो पसंत होता. पण आई ज्यू वंशाची, म्हणून नाझी कायद्याने तोंडी परीक्षेला बसू दिलं नाही. त्याच वर्षी त्या एकट्याच अमेरिकेला निघून गेल्या.

घटसर्प तेव्हा लहान मुलांचा काळ होता. घशात राखाडी पापुद्रा धरतो, श्वास कोंडतो. त्यातून मूल वाचलं तरी जंतूचं विष रक्तातून हृदयापर्यंत जातं. विषावरचा उतारा १८९० च्या दशकापासून हाताशी होता, पण हे विष नेमकं करतं काय, ते १९३८ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५१ मध्ये उलगडा झाला की जंतूला एका विशिष्ट विषाणूची लागण झाली असेल तरच तो विष बनवतो. विष बनवण्याची कृती मुळात त्या विषाणूच्या जनुकात असते. पुढे कळलं की हे विष पेशीतली प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं. विषाचा एक रेणू पेशीत शिरला तरी ती मरू शकते.

राहून गेलेल्या त्या परीक्षेसाठी इंगेबोर्ग यांना २०१५ मध्ये हे सगळं नव्याने अभ्यासावं लागलं. दृष्टी अधू झालेली, त्यामुळे ओळखीच्या लोकांनी इंटरनेटवरून माहिती शोधून त्यांना सांगितली. मे महिन्यात हॅम्बुर्गचे प्राध्यापक बर्लिनला त्यांच्या घरी आले आणि दिवाणखान्यात पाऊण तास प्रश्नोत्तरं झाली. त्या उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झाल्या आणि जूनमध्ये रीतसर पदवी हातात पडली.

खरं तर पोटापाण्यासाठी ही पदवी त्यांना कधीच लागली नाही. अमेरिकेत पुन्हा वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या बालरोगतज्ज्ञ झाल्या. पती सॅम्युएल जीवरसायनशास्त्रज्ञ. साठवलेलं रक्त जास्त दिवस टिकवण्याच्या पद्धतीत त्यांचा मोठा वाटा. दोघंही कम्युनिस्ट, त्यामुळे १९५० मध्ये चौकशीच्या भीतीने अमेरिकाही सोडावी लागली. अखेर पूर्व बर्लिनमध्ये बस्तान बसलं. तिथल्या शारिटे रुग्णालयात १९६९ मध्ये नवजात शिशुवैद्यकाचं जर्मनीतलं पहिलं अध्यासन (प्राध्यापकपद) इंगेबोर्ग यांच्याकडे आलं.

मानद पदवी देऊन विद्यापीठाला मोकळं होता आलं असतं. पण १९३८ मध्ये नाकारली गेली होती ती परीक्षा, म्हणून द्यायची होती तीही परीक्षाच. नाझींच्या काळात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी आपण ती दिली, असं त्या म्हणाल्या. २०१७ मध्ये, १०४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.