कॉलेज कधी सोडायचं? अमेरिकी फुटबॉलमधला एका वर्षाचा हिशेब

२१ नोव्हेंबर १९२५ ला रेड ग्रेंज इलिनॉय विद्यापीठाकडून शेवटचा सामना खेळला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवणारा हा पोरगा तोवर देशभर गाजला होता. पाचच दिवसांनी तो शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडून मैदानात उतरला. सामना ०-० असा रटाळ सुटला, पण बघायला छत्तीस हजार माणसं लोटली होती. पदवी बाजूला राहिली, एजंटच्या जोरावर पुढच्या काही महिन्यांतच त्याने बक्कळ पैसा कमावला. कॉलेजवाले खवळले. एनएफएल ही व्यावसायिक लीग तेव्हा अगदी नवखी होती आणि तिला कॉलेजांशी वैर परवडणारं नव्हतं. तिने नियमच केला: खेळाडूच्या बॅचचं शिक्षण संपेपर्यंत त्याच्याशी करार करायचा नाही.

हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा, आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा नव्हे. यात खेळाडू किती कमावणार हे त्याच्या कसबाइतकंच तो कॉलेजातून कोणत्या वर्षी बाहेर पडतो यावर ठरत आलं आहे, आणि त्याची सुरुवात ग्रेंजपासून होते.

१९३६ पासून ड्राफ्ट सुरू झाला. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. गेल्या मोसमात तळाला राहिलेला संघ सर्वांत आधी खेळाडू निवडतो, आणि निवडलेल्याला त्याच संघाशी बोलावं लागतं. म्हणजे कधी बाहेर पडायचं ते लीगच्या हातात आणि कुठे जायचं तेही. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पैशाचं जमलं नाही म्हणून त्याने सरळ नोकरी धरली.

नियमाला तडे गेले ते ऐंशीच्या दशकात. जॉर्जियाच्या हर्शेल वॉकरने १९८२ मध्ये कॉलेजचा सर्वोच्च हाइझमन पुरस्कार जिंकला आणि शेवटच्या वर्षाची वाट न पाहता १९८३ मध्ये नव्याने निघालेल्या दुसऱ्या लीगशी करार केला. १९८९ मध्ये कॉलेजातून लवकर बाहेर पडणाऱ्या बॅरी सँडर्ससाठी एनएफएलला अपवाद करावा लागला. १९९० पासून शाळा संपून तीन वर्षं झालेल्यांना दार उघडलं. तीन वर्षंच का? शरीर तयार व्हायला हवं, असं उत्तर मिळतं. ते काही अगदी खोटं नाही. पण या तीन वर्षांत लीगला फुकटात प्रशिक्षित खेळाडू मिळत होते आणि कॉलेजांना फुकटात राबणारे, हेही विसरता येत नाही.

ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट याविरुद्ध कोर्टात गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये तो जिंकला, अपिलात मात्र हरला. लीग आणि खेळाडू संघटनेच्या कामगार संबंधांच्या चौकटीत हा नियम बसतो, असं अपील कोर्टाने म्हटलं. निकाल लिहिला होता पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी. क्लॅरेट २००५ मध्ये ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत निवडला गेला, पण लीगमधला एकही नियमित सामना त्याच्या नशिबी आला नाही.

थांबणाऱ्यांनाही फटके बसले. २००४ चा हाइझमन विजेता मॅट लाइनर्ट २००५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला जाईल असं बोललं जात होतं. तो आणखी एक वर्ष कॉलेजात राहिला. शेवटच्या सत्रात पदवीसाठी त्याला एकच विषय उरला होता, बॉलरूम नृत्याचा. २००६ मध्ये तो दहावा गेला.

सगळ्यात महाग पडलेलं वर्ष बहुधा जेक लॉकरचं. २०१० मध्ये त्याचं नाव अग्रक्रमात घेतलं जात असताना तो वॉशिंग्टन विद्यापीठात परतला. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली. नवख्यांना एवढे पैसे मिळतात हे जुन्या खेळाडूंनाही खुपत होतं. २०११ च्या कामगार करारात नवख्यांचं वेतन क्रमांकानुसार बांधलं गेलं. त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २.२ कोटी, आणि आठव्या आलेल्या लॉकरला सव्वा कोटीच्या आसपास.

तेव्हापासून गणितच पालटलं. खरा पैसा दुसऱ्या करारात आणि पहिला करार चार वर्षांचा. एक वर्ष आधी बाहेर पडलात तर दुसरा करारही वर्षभर आधी हाती येतो. ब्रॉक पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळून २०२२ मध्ये सर्वांत शेवटी, २६२ वा निवडला गेला. २०२३ च्या मोसमात त्याने सॅन फ्रान्सिस्कोला अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तेव्हा त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. तीन मोसम होईपर्यंत करार बदलता येत नाही, म्हणून वाट पाहणं आलं. २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी २६.५ कोटींचा करार झाला.

दुखापतीची टांगती तलवार होतीच. १ जानेवारी २०१६ च्या सामन्यात नॉत्र दाम विद्यापीठाच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला आणि तो पहिल्या फेरीतून दुसऱ्या फेरीत घसरला. त्याच वर्षअखेरीला लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिस्तियन मॅकॅफ्री या दोघांनी कॉलेजचा शेवटचा सामना खेळायलाच नकार दिला. टीका खूप झाली, पण २०१७ मध्ये दोघेही पहिल्या आठात गेले.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करायला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्या वर्षी ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीतल्या खेळाडूला चार वर्षांचे मिळून जेमतेम ४३ लाखांच्या आसपास मिळत होते. चांगल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणाऱ्याला, मग घाई कशाला? कॅम वॉर्डने जानेवारी २०२४ मध्ये ड्राफ्टसाठी नाव दिलं, लगेच मागे घेतलं, आणि वॉशिंग्टन स्टेट सोडून मायामी विद्यापीठात गेला. २०२५ मध्ये तो पहिला निवडला गेला. करार सुमारे ४.९ कोटींचा.

वँडरबिल्ट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया २०२४ मध्ये एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेविरुद्ध कोर्टात गेला. ज्युनिअर कॉलेजातली (तिथे हे शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) वर्षं कॉलेजात खेळायच्या ठरावीक वर्षांत मोजल्यामुळे आपली कमाई बुडते, असं त्याचं म्हणणं होतं. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी तात्पुरता आदेश त्याच्या बाजूने दिला. क्लॅरेटला कॉलेजातून लवकर सुटायचं होतं. पावियाने मागितलं होतं कॉलेजातलं आणखी एक वर्ष.