पार्श्वभूमी : लहान गाव, निनावी पत्र आणि सजवलेला चेहरा

समाजमाध्यमांवर मांडलेले देखणे आयुष्य आणि लहान गावात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली गुपिते यांची सांगड घालणारी रहस्यकादंबरी आता चांगलीच रुळली आहे, आणि हा प्रकार मोबाइलच्या पोटी जन्मला असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात तिची वंशावळ बरीच जुनी आहे. बनावट खात्याचे काम पूर्वी निनावी पत्र करीत असे, आणि सजवलेल्या छायाचित्राला भुलणारी माणसे तेव्हाही कमी नव्हती.

रहस्यकथेचा पाळणा मात्र गावात हलला नाही. पहिली रहस्यकथा मानली जाणारी, अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांची १८४१ मधली कथा पॅरिसमध्ये घडते, तर शेरलॉक होम्सचे बिऱ्हाड लंडनमध्ये. तरीही १८९२ च्या एका कथेत होम्स आगगाडीतून दिसणारी विखुरलेली घरे पाहून वॉटसनला सांगतो की, शहरातल्या गलिच्छ बोळांपेक्षा या रम्य माळरानावर अधिक भयंकर पापे दडून राहतात, कारण तिथे किंकाळी ऐकायला शेजारच नसतो. इंग्रज रहस्यलेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी हे गणित उलटवले. त्यांच्या १९३० च्या कादंबरीतल्या सेंट मेरी मीड गावात शेजार नको इतका जवळ आहे. तिथल्या वयस्क हौशी गुप्तहेर मिस मार्पल बागकामाच्या आणि पक्षीनिरीक्षणाच्या निमित्ताने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवून असतात. सगळे सगळ्यांना पाहतात, आणि तरीही खुनी सापडत नाही. आजच्या कादंबरीचा पाया हाच आहे.

याच सुमाराला वास्तवातही एक प्रकरण घडले, आणि माझ्या मते या साऱ्या परंपरेचे बीज कुठल्याही कादंबरीपेक्षा त्यात अधिक स्पष्ट दिसते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिटलहॅम्प्टन येथे १९२० च्या आसपास लोकांना अत्यंत शिवराळ पत्रे येऊ लागली. संशय रोझ गुडिंग या फटकळ तोंडाच्या बाईवर आला आणि तिला दोनदा तुरुंगवास घडला. तक्रारदार होती तिची शेजारीण एडिथ स्वान, गावाच्या नजरेत सालस आणि देवभीरू. अखेर टपाल खात्याने अदृश्य शाईने खूण केलेली तिकिटे तिला विकली. ती तिकिटे अशाच पत्रांवर आढळली आणि १९२३ मध्ये एडिथला शिक्षा झाली. इतरांना शिव्या लिहिता लिहिता ती स्वतःलाही तशीच पत्रे पाठवीत होती. बनावट खाते उघडून स्वतःलाच धमक्या देणारे, आणि मग सहानुभूती गोळा करणारे पात्र आजच्या कादंबरीत भेटते, ते एडिथच्याच घराण्यातले. पुढे रहस्यलेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९३५ मध्ये आणि ख्रिस्ती यांनी १९४२ मध्ये निनावी पत्रांभोवतीच कादंबऱ्या रचल्या.

छायाचित्राच्या भुरळीची गोष्ट याहून गमतीची आहे. यॉर्कशायरमधील कॉटिंग्ली गावात १९१७ साली एल्सी आणि फ्रान्सिस या मावसबहिणींनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेऊन ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रे काढली. पऱ्या म्हणजे एका पुस्तकातल्या चित्रांवरून उतरवलेल्या, कागदाच्या कापलेल्या आकृत्या होत्या, टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या. होम्सला जन्म देणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल यांनी मात्र त्या खऱ्या मानल्या आणि डिसेंबर १९२० मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात तसा लेखही लिहिला. बहिणींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये. इतकी वर्षे गप्प राहण्याचे कारणही लक्षात घेण्याजोगे आहे : एवढ्या मोठ्या माणसाने विश्वास ठेवल्यावर खरे सांगण्याची लाज वाटू लागली होती. भ्रम उभा करणाऱ्यांपेक्षा तो टिकवणारे प्रेक्षक अधिक जबाबदार असतात, हा विचार या प्रकारातल्या चांगल्या कादंबऱ्यांच्या मुळाशी असतो.

फेसबुक २००४ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले, तेव्हा या जुन्या सामग्रीत दोन गोष्टींची भर पडली. एक, चेहरा सजवण्याचे काम ज्याचे तोच रोज करू लागला. दुसरी, प्रत्येक कृतीवर तारीख-वेळ नोंदली जाऊ लागली. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ आणि अनेकदा ठिकाणही साठवलेले असते. समाजमाध्यमावर टाकताना ही माहिती बहुधा गळते, पण मूळ फाइलमध्ये ती राहते. लिटलहॅम्प्टनच्या तिकिटावरची खूण टपाल खात्याला मुद्दाम करावी लागली होती. इथे ती आपोआप होते.

कादंबरीकाराची पंचाईतही इथेच होते. इंग्रज धर्मगुरू आणि रहस्यलेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांतला एक असा की, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोरही लगेच ठेवला पाहिजे. (याच नॉक्स यांनी १९२६ मध्ये बीबीसी रेडिओवरून लंडनमध्ये दंगल उसळल्याचे खोटे वृत्तनिवेदन करून श्रोत्यांची घाबरगुंडी उडवली होती.) शेवटच्या प्रकरणात एखादा तंत्रज्ञ येऊन पुसलेले संदेश परत मिळवतो आणि गुन्हेगाराचे नाव सांगतो, तेव्हा हा नियम मोडतो. उलट, दुपारी टाकलेल्या छायाचित्रातली सावली संध्याकाळसारखी लांबलेली आहे हे लेखकाने तिसऱ्याच प्रकरणात वर्णनाच्या ओघात सांगून टाकलेले असते, आणि गावातल्या मंडळींप्रमाणे वाचकही चेहऱ्याकडेच पाहत पुढे सरकलेला असतो.