त्रिमितीय माग, कॅमेऱ्यांद्वारे

हलती वस्तू किंवा प्राणी प्रत्येक क्षणी नेमका कुठे होता हे कॅमेऱ्याच्या प्रतिमांवरून लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही मितींत काढणे आणि त्या जागा जोडून त्याचा मार्ग उभा करणे, याला त्रिमितीय माग घेणे म्हणतात. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय तपासताना चेंडूचा मार्ग दाखवतात तो याच पद्धतीने. २००१ साली इंग्लंडमधील कसोटी सामन्याच्या प्रक्षेपणात तो प्रथम वापरला गेला. खेळाडूंच्या हालचालींचा अभ्यास, कीटकांचे उड्डाण, चित्रपटांतील संगणकीय पात्रे असे तिचे आणखीही उपयोग आहेत. या नोंदीत उडत्या पक्ष्यांचे उदाहरण घेतले आहे आणि जागा सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्याची, कारण तिथे पक्षी नेमका कुठून उडतो हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही.

ठोसेघरच्या पुढे हा उंच, जांभ्या खडकाचा सडा पसरला आहे आणि त्याच्या काही भागांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात मात्र गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे (सारडा सुपर्बा) जास्त दाट होते. त्यांची अंगकाठी खालावलेली होती आणि माणूस बराच जवळ आल्याशिवाय ते पळत नव्हते. एका यंत्राचा परिणाम अन्नसाखळीत खालपर्यंत कसा झिरपतो, हे दाखवणारे हे काम फार मोलाचे आहे. पण पक्षी पात्यांच्या वरून जातो की खालून, किती अंतरावरून वळतो, वारा पाठीशी असताना वेगळे वागतो का, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी पक्ष्याचा मार्ग हवा, आणि मार्गात उंची हवी.

एका कॅमेऱ्याने ते साधत नाही. प्रतिमेत दिशा उरते, अंतर हरवते. ज्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचे अंतर, इथे पिक्सेलच्या मापात) ५,००० पिक्सेल आहे, त्यात दीड मीटर पंखविस्ताराची घार ५०० मीटरवर १५ पिक्सेलची दिसते. तिच्या निम्म्या विस्ताराची खरुची (छोटा शिकारी पक्षी) २५० मीटरवर तेवढीच दिसते. जात ओळखता आली तरच आकारावरून अंतराचा अंदाज बांधता येतो, आणि १५ पिक्सेलच्या ठिपक्यावरून जात ओळखणे अवघड असते.

म्हणून दोन कॅमेरे लावतात. दोघांमधले अंतर म्हणजे पायारेषा. एकच पक्षी दोन्ही प्रतिमांत किंचित वेगळ्या जागी दिसतो. या फरकाला पराशय म्हणतात. कॅमेरे समांतर रोखलेले असतील तर अंतर = नाभीय अंतर × पायारेषा ÷ पराशय. वरच्याच कॅमेऱ्यांची जोडी १० मीटर पायारेषेवर ठेवली, तर ५०० मीटरवरच्या पक्ष्याचा पराशय १०० पिक्सेल येतो. तो मोजताना अर्ध्या पिक्सेलची चूक झाली तर अंतर सुमारे अडीच मीटरने चुकते. हजार मीटरवर तीच चूक दहा मीटरची होते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पायारेषा १ मीटरवर आणली तर ५०० मीटरवरच सुमारे २५ मीटर चूक पदरात पडते. महागडा कॅमेरा घेण्याआधी पायारेषा वाढवता येते का ते पाहावे, असे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

वेळेचे गणित याहून कडक आहे. सेकंदाला ३० फ्रेम घेताना १५ मीटर प्रतिसेकंद वेगाचा पक्षी एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत अर्धा मीटर सरकतो. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत एका फ्रेमचा फरक असेल आणि पक्षी पायारेषेला समांतर उडत असेल, तर पराशयात ५ पिक्सेलची भेसळ होते आणि अंतर सुमारे २५ मीटरने चुकते. यासाठी सर्व कॅमेऱ्यांचे शटर एकाच विद्युत-संकेताने उघडतात.

प्रत्येक कॅमेऱ्याचे भिंग प्रतिमा कशी वाकवते आणि तो नेमका कुठे रोखला आहे, हे आधी शोधावे लागते. याला अंशशोधन म्हणतात. भिंगासाठी चौकटींचा पट वेगवेगळ्या कोनांतून टिपण्याची झेंगयू झँग यांची पद्धत (२०००) आज सर्रास वापरतात. उघड्या सड्यावर मात्र पट फार लहान पडतो. तिथे सर्वेक्षणाने जागा ठरवलेले पवनचक्क्यांचे बुंधे उत्तम संदर्भबिंदू ठरू शकतात. जोरदार वाऱ्यात कॅमेऱ्याचा खांब ०.०१ अंशाने हलला तरी प्रतिमा जवळपास एक पिक्सेल सरकते. बुंधा स्थिर असल्याने तो प्रत्येक फ्रेममध्ये किती सरकलेला दिसतो ते पाहून ही थरथर वजा करता येते.

थवा आला की खरी कसोटी लागते. डावीकडच्या प्रतिमेतील ठिपक्याचा जोडीदार उजवीकडच्या प्रतिमेत एका ठरावीक रेषेवरच असतो, पण त्या रेषेवर दहा ठिपके असू शकतात. तिसरा कॅमेरा बहुतेक खोट्या जोड्या बाद करतो. पुढच्या फ्रेममध्ये कोण कुठे असेल याचा अंदाज रूडॉल्फ कालमन यांच्या ‘गाळणी’ नावाच्या गणिती रीतीने (१९६०) बांधतात, आणि कोणता ठिपका कोणाचा हे एकूण तफावत कमीत कमी राहील अशा रीतीने ठरवतात. त्यासाठीची हॅरल्ड कून यांची रीत १९५५ची आहे. दोन पक्षी एकमेकांआड गेले की ओळखींची अदलाबदल होते. ही चूक सर्वांत घातक, कारण दोन्ही मार्ग दिसायला सुरळीतच राहतात.

रोममध्ये इटालियन संशोधकांनी साळुंकीकुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या हजारोंच्या थव्यांवर हे काम केले. प्रत्येक पक्षी ठरावीक अंतरातल्या सर्वांकडे नव्हे, तर सरासरी सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांकडे पाहून वळतो, हा त्यांचा २००८चा निष्कर्ष. या गटातील जॉर्जिओ पारिसी यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हिवाळ्यात महाराष्ट्रातील ज्वारीच्या रानांवर घिरट्या घालणाऱ्या भोरड्या त्याच कुळातल्या. खटाव-माणच्या मोकळ्या आभाळाखाली असा अभ्यास अवश्य व्हावा.

चाळकेवाडीत पावसाळ्याचे महिने दाट धुक्याचे, त्यामुळे दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारी ही पद्धत तेव्हा निरुपयोगी ठरते. हिवाळा-उन्हाळ्यात आभाळाची पार्श्वभूमी स्वच्छ मिळते, फक्त फिरती पाती हलती वस्तू म्हणून पकडली जाणार नाहीत एवढी तजवीज लागते. अमेरिकेत वायोमिंगमध्ये जोडकॅमेऱ्यांनी गरुड टिपून त्या क्षणी पवनचक्की थांबवणारी यंत्रणा वापरली गेली आहे. तिथे अचूकतेइतकेच महत्त्व वेळेला असते: १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने थेट पात्यांकडे येणारा पक्षी ६०० मीटरवर दिसला तर हाताशी ४० सेकंद असतात, आणि ओळख, निर्णय व पाती मंदावणे हे सारे तेवढ्यातच उरकावे लागते.