सौर इन्व्हर्टरची विद्युतदाब मर्यादा (नाशिक परिसर)

छतावरचा सौर संच महावितरणच्या वाहिनीला जोडलेला असताना इन्व्हर्टरने (पॅनेलची डीसी वीज घरगुती एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राने) कोणत्या दाबापर्यंत वीज देत राहायचे आणि कधी वाहिनीपासून सुटायचे, हे ठरवणारे आकडे. बोलण्यात याला ‘व्होल्टेज सेटिंग’ म्हणतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार दाब नाममात्र, म्हणजे ठरलेल्या मूळ दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला किंवा ८० टक्क्यांखाली उतरला, तर संचाने २ सेकंदांच्या आत सुटले पाहिजे. २३० व्होल्टच्या सिंगल फेजला ही मर्यादा २५३ आणि १८४ व्होल्ट होते. वारंवारतेसाठी ५०.५ आणि ४७.५ हर्ट्झ, आणि तिथे मुदत फक्त ०.२ सेकंद. दाब आणि वारंवारता पूर्ववत झाल्यावर किमान ६० सेकंद थांबूनच पुन्हा जोडणी होते. इन्व्हर्टरमध्ये ‘भारत’ हा देश निवडला की हे आकडे बहुधा आपोआप बसतात. दुसऱ्या देशाचा कोड राहून गेला असेल, तर मात्र पुढची सगळी तपासणी चुकीच्या पायावर होते.

नाशिककरांची नेहमीची तक्रार वरच्या मर्यादेची असते: ऐन दुपारी, कडक उन्हात इन्व्हर्टर ट्रिप होतो. याचे मूळ बहुतेकदा इन्व्हर्टरच्या बाहेर असते. गल्लीतल्या डीपीचा, म्हणजे वितरण रोहित्राचा विनाभार दाब ४३३ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक फेजला सुमारे २५० व्होल्ट असतो. सातपूर-अंबडच्या आसपास कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी वाहिनीवर भार कमी, वर सगळ्या छतांची वीज उलटी येणारी. मग २५३ पर्यंत जागा उरते ती जेमतेम. त्यात वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरच्या टोकाला दाब वाहिनीपेक्षा चढाच राहतो. ५ किलोवॉटच्या सिंगल फेज संचातून सुमारे २२ अँपिअर प्रवाह जातो. गच्चीपासून मीटरपर्यंत ४० मीटर अंतराला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल, तर जाऊन-येऊन ८ व्होल्टची वाढ होते. १० चौरस मिलिमीटरची असेल तर ३ व्होल्टची. केबलवर वाचवलेल्या पैशांची किंमत अशी दर दुपारी मोजावी लागते.

म्हणून दुपारी एकाच वेळी इन्व्हर्टरच्या टोकाला आणि मीटरपाशी दाब मोजावा. दोहोंत बराच फरक असेल तर दोष केबलचा किंवा सैल जोडाचा. मीटरपाशीच दाब चढा असेल तर महावितरणकडे तक्रार करून डीपीचा टॅप (रोहित्रातून बाहेर पडणारा दाब टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करणारी जोडणी) बदलून घ्यावा लागतो. साधारण २.५ टक्क्यांचा एक टप्पा, म्हणजे फेजला ६ व्होल्ट. पण टॅप खाली आणला की संध्याकाळी वाहिनीच्या शेवटच्या घराला दिवे मंद मिळतात, त्यामुळे अभियंते चटकन तयार होत नाहीत. घरात थ्री फेज मीटर असल्यास सिंगल फेज इन्व्हर्टर कमी दाबाच्या फेजवर हलवणे हा त्याहून सोपा मार्ग. नव्या इन्व्हर्टरमध्ये दाब चढताच रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण दाबावर परिणाम करणारी वीज) शोषून दाब आवरण्याची किंवा उत्पादन हळूहळू कमी करण्याची सोय असते. पूर्ण ट्रिप होण्यापेक्षा थोडी वीज गमावलेली परवडते.

याऐवजी काही सोलरवाले पासवर्ड टाकून मर्यादा २६५ पर्यंत नेतात. तक्रार मिटते, पण तो चढा दाब घरातल्या फ्रिजला आणि शेजाऱ्यांच्या उपकरणांनाही सोसावा लागतो. शिवाय वाहिनी बंद पडल्यावर सुटण्याचे काम काही अंशी याच मर्यादांवर असते आणि खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. नियमाप्रमाणे वीज कंपनी मर्यादा आणखी आवळू शकते. ग्राहकाने ती आपल्या मनाने सैल करायची नसते.

पॅनेलच्या बाजूचा, म्हणजे डीसी दाब हा वेगळा प्रश्न. थंडीत पॅनेलचा दाब वाढतो, अंशाला साधारण ०.२५ ते ०.३ टक्के. निफाडला हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या खाली जातो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या पहाटेनंतर ऊन पडताच गार पॅनेल सर्वाधिक दाब देतात. ४९ व्होल्टचे १२ पॅनेल एका माळेत जोडले, तर २५ अंशांना ५८८ व्होल्ट होतात, ५ अंशांना ६२० च्या आसपास. इन्व्हर्टरची कमाल क्षमता ६०० व्होल्ट असेल, तर कोणतेही सेटिंग त्याला वाचवत नाही. तिथे माळेतला एक पॅनेल कमी करावा लागतो.